तंबोरा एलपीवर भरून येतो, मग डिजिटल अचूक कसं?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘सासऱ्यांच्या मागे दीडशेच्या आसपास एलपी आणि थोड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड्स घरात आहेत. बहुतेक शास्त्रीय गाणं, काही नाट्यगीतं. त्यांचा रेकॉर्ड प्लेअरही आहे, पण बरीच वर्षं बंद. आम्ही आता लहान फ्लॅटमध्ये राहायला जातोय. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग करते. तिचं म्हणणं, सगळं मोबाइलवर मिळतं आणि डिजिटल आवाज रेकॉर्डपेक्षा कितीतरी अचूक असतो, तेव्हा आई, हे देऊन टाक. धाकटे दीर म्हणतात, डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे करतात आणि मधला आवाज गळतो, रेकॉर्डच्या खाचेत मात्र गाणं अखंड असतं. ते मला लाखभराचं टर्नटेबल घ्यायला सांगताहेत. मी स्वतः गाणं शिकले आहे. दिरांच्या घरी एलपी ऐकते तेव्हा तंबोरा जसा भरून येतो तसा फोनवर येत नाही, हे मला स्वच्छ कळतं. मग खरं कुणाचं? आणि या रेकॉर्ड्सचं करू काय?’

ताई,

अचूकपणापुरतं बोलायचं तर तुमच्या मुलीचं बरोबर आहे. माइकनं जे पकडलं ते जसंच्या तसं परत देणं, एवढाच अचूकपणाचा अर्थ घेतला, तर साधी सीडीसुद्धा उत्तमातल्या उत्तम एलपीच्या पुष्कळ पुढे आहे. पण त्यावरून रेकॉर्ड्स देऊन टाकाव्यात असं मुळीच ठरत नाही. आणि तुम्हाला तंबोऱ्यात जो फरक जाणवतो तोही खरा आहे. फक्त त्याचं कारण दीर सांगतात ते नाही.

दिरांची शंका आधी घेतो, कारण ती फार लोकांची आहे आणि तिच्यामागे एक चित्र आहे. गुळगुळीत लाट आणि तिच्यावर जिन्यासारख्या काढलेल्या पायऱ्या. खाली लिहिलेलं असतं, लाट म्हणजे रेकॉर्ड, पायऱ्या म्हणजे डिजिटल. हे चित्र चुकीचं आहे. सीडीसाठी आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते हे खरं, पण प्रत्येक मोजणी म्हणजे एक बिंदू असतो, पायरी नव्हे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण शाळेत शिकतो. रेषा अखंड असते, तरी ती पक्की करायला दोन बिंदू पुरतात, मधले सगळे बिंदू लिहून ठेवावे लागत नाहीत. ध्वनीच्या लाटेचंही असंच आहे. आवाजातली सगळ्यात वरची कंपनं मोजणीच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असतील, तर त्या मोजलेल्या बिंदूंतून एक आणि एकच लाट जाऊ शकते. रशियात कोतेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हे गणितानं मांडलं आहे. आपण फोनवर बोलतो, एमआरआय काढतो, ते सगळं याच गणितावर चालतं.

खात्री करायची तर मुलीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेलच. तिला १५,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १५,००० कंपनांचा स्वर सीडीच्या दर्जाच्या फाइलमधून वाजवायला सांगा. एका कंपनाला जेमतेम तीन मोजण्या येतात. दिरांच्या हिशेबानं पडद्यावर तीन पायऱ्या दिसायला हव्यात. दिसते ती गोल, गुळगुळीत लाट. दिरांना ते प्रत्यक्ष दाखवावं, वाद तिथेच संपेल.

तबल्याबद्दलही हाच प्रश्न येतो. दोन मोजण्यांमध्ये सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर असतं, मग थाप नेमकी त्या फटीत पडली तर? तरी ती हरवत नाही. थाप किंचित आधी पडली की किंचित नंतर, त्यावर आजूबाजूच्या सगळ्या मोजण्यांचे आकडे बदलतात, आणि परत लाट तयार होते तेव्हा थाप जागच्या जागी येते. लयीच्या बाबतीत डिजिटलवर संशय घ्यायला काहीही आधार नाही.

राहिली प्रत्येक मोजणीची बारकाई. सीडीत ती १६ बिटची असते, म्हणजे ६५,५३६ पातळ्या. आकडा जवळच्या पातळीला नेऊन बसवताना थोडा फरक पडतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मुद्दाम अगदी बारीक खरखर मिसळली, आणि जाणते लोक ती मिसळतातच, तर हा फरक आवाज फाडत नाही, नुसती मंद सळसळ होऊन तळाशी बसतो. किती तळाशी? सगळ्यात मोठ्या आवाजापेक्षा ९० डेसिबलहून अधिक खाली. चांगल्या, नव्याकोऱ्या एलपीची स्वतःची सळसळ साठ-सत्तर डेसिबलच खाली असते, आणि वापरलेल्या एलपीची त्याहून वर.

सीडीच्या दर्जाच्या डिजिटलमधून एक गोष्ट खरोखर वगळली जाते, ती म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्झच्या वरचा भाग. तरुण, निरोगी कानाची मर्यादाही तीच आहे, आणि पन्नाशीनंतर बहुतेकांना १५,००० च्या वरचंही ऐकू येत नाही. एलपीच्या बाजूनं इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. खाचेत त्यावरची कंपनंही कोरता येतात. १९७० च्या दशकात चार स्पीकरांसाठी निघालेल्या काही रेकॉर्ड्सवर जादा स्पीकरांचा आवाज वाहून नेणारा ३०,००० हर्ट्झचा संकेत होता, आणि तो वाचायला शिबाता नावाची वेगळ्या घडणीची सुई लागत असे. साध्या सुईनं वाजवल्यावर तो नाजूक भाग झिजून जाई. म्हणजे क्षमता होती, पण ऐकणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

आता खाचेकडे वळतो. गाणं तिच्यात अखंड असतं हे दिरांचं म्हणणं खरं आहे. पण अखंड असणं वेगळं आणि जसंच्या तसं असणं वेगळं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पहिली गोष्ट, एलपीवर गाणं मूळ रूपात कोरतच नाहीत. खर्जाची कंपनं पूर्ण ताकदीनं कोरली तर खाच इतकी रुंद झोके घेईल की शेजारच्या खाचेत जाईल आणि एका बाजूला पाच-सात मिनिटांतच जागा संपेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे बारीक स्वर वाढवतात, म्हणजे सुईची सळसळही झाकली जाते. अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेनं १९५४ मध्ये याचं प्रमाण ठरवून दिलं आणि पुढे ते जगभर रुळलं. दोन्ही टोकांना हा फेरफार सुमारे २० डेसिबलचा, म्हणजे दहा पटींचा असतो. ऐकताना अँप्लिफायरचा फोनो भाग बरोबर उलटा फेरफार करतो. तो भाग जितका काटेकोर बनवलेला असेल, तितकंच ते गाणं मूळाजवळ जातं. शिवाय खर्ज डाव्या-उजव्या बाजूंत सारखा करून मध्यभागी आणावा लागतो, नाहीतर सुई खाचेतून उडेल, आणि ‘स’, ‘श’ फार धारदार असतील तर ते मवाळ करावे लागतात. हे सगळं कोरणारा माणूस कौशल्यानं करतो, मला त्या कलेबद्दल मनापासून आदर आहे. पण ती तडजोडीची कला आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला गायिका म्हणून जास्त भिडेल. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीलाही आणि शेवटीही. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचल्यावर जेमतेम २१. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीनं बसवावं लागतं. १०,००० हर्ट्झची एक लाट तिथे २१ मायक्रॉन लांबीची होते, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या पंधरा-अठरा मायक्रॉन असते. एवढ्या जाड टोकानं ती दरी नीट वाचता येत नाही. बारीक स्वर मिटतात, आघात फाटतात.

आणि आपल्या गाण्याची रचना बघा. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा राग. आलापी, संथ बढत, सगळी निवांत जागा बाहेरच्या मोठ्या फेऱ्यांना मिळते. द्रुत बंदिश, तानांची सरबत्ती, तराणा, तबल्याची जोरकस साथ, म्हणजे खाचेकडून सगळ्यात जास्त मागणारा भाग, नेमका शेवटच्या लहान फेऱ्यांवर येतो. द्रुतात तबल्याची चाट चिरकी वाटते, किंवा ‘आ’कारातल्या तानेला फाटल्यासारखी किनार येते, हे तुम्ही कित्येक एलपींवर ऐकलं असेल. गायकाचा आणि वादकाचा त्यात काही दोष नाही. अशी रेकॉर्ड ऐकून कुणी ‘तारात आवाज फाटत होता’ असं एखाद्या मोठ्या गायकाबद्दल बोलतं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट सुराची. रेकॉर्डचं मधलं भोक अगदी केंद्रात असेलच असं नाही. प्लेअर चालू असताना समोर वाकून, डोळे रेकॉर्डच्या पातळीला आणून टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे बघा. भोक सरकलेलं असेल तर सुईचं डोकं दर फेऱ्याला थोडं आत, थोडं बाहेर डोलताना दिसतं. एक फेरा १.८ सेकंदांचा. अर्धा मिलिमीटर भोक सरकलेलं असेल, तर रेकॉर्डच्या मध्यावर सूर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली हलतो, म्हणजे एकूण एक टक्का. प्रमाणश्रुती, म्हणजे आपल्या संगीतातलं सुरांमधलं एक बारीक अंतर, सव्वा टक्क्याची असते. लेबलजवळ हा हेलकावा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे श्रुतीहून मोठा. सिनेमातल्या गाण्यात, वाद्यमेळात तो लपून जातो. तंबोऱ्यात लपत नाही, कारण तंबोरा सबंध वेळ एकाच षड्जावर उभा असतो. कान तयार असेल तर षड्ज पावणेदोन सेकंदांनी वर-खाली होताना कळतो. डिजिटलमध्ये मोजणीचा वेग स्फटिकाच्या घड्याळावर चालतो, असा हेलकावा तिथे येतच नाही. श्रुतींच्या बारकाव्यावर उभं असलेलं आपलं संगीत बघता, अचूकपणाचा हा एकच मुद्दा मला बाकी सगळ्यांहून वजनदार वाटतो.

मग तुमच्या कानांनी तंबोरा एलपीवर भरलेला ऐकला, तो कसा?

एक तर तुम्ही दोन माध्यमांची तुलना केलेलीच नाही. दिरांकडे मोठे स्पीकर, बंद खोली, निवांत बैठक. फोनवर बहुधा फोनचाच स्पीकर किंवा कानातले इअरफोन. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून खर्जाची तार येणारच नाही, मग फाइल कितीही अचूक असो. दिरांच्याच अँप्लिफायरला फोन वायरनं जोडून तेच गाणं ऐका, निम्मा फरक तिथेच जाईल.

उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा प्रतीचा असतो, आणि हे मला तळमळीनं सांगावंसं वाटतं. एकाच मैफलीची एलपी, १९८० च्या दशकातली सीडी आणि आज मोबाइलवर मिळणारी आवृत्ती या तीन वेगळ्या प्रती असतात, वेगवेगळ्या माणसांनी वेगळ्या हेतूनं तयार केलेल्या. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा घाईघाईत एलपीसाठी तयार केलेल्या टेपा तशाच तिच्यावर चढवल्या गेल्या, आणि त्या कर्कश लागल्या. पुढे १९९० नंतर आवाज चढा ठेवण्याची स्पर्धा लागली, त्यात हळू आणि मोठा यांतलं अंतर दाबून टाकलं गेलं. आपल्या जुन्या शास्त्रीय रेकॉर्डिंगचं नुकसान तिसऱ्याच कारणानं झालं. टेपची सळसळ काढण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, ते सतत चालू असलेला, न बदलणारा आवाज शोधतं आणि तो कमी करतं. तंबोरा हा सतत चालू असलेलाच आवाज आहे. जवारीतून, म्हणजे घोडीवर तारेला येणाऱ्या झंकारातून निघणारे वरचे बारीक स्वर सळसळीच्या शेजारीच असतात. हात जड पडला की सळसळीबरोबर जवारीही जाते, आणि मागे एक बोथट गुणगुण उरते. तुमच्या एलपीवर तंबोरा भरलेला आहे याचं एक कारण हे असू शकतं की त्या प्रतीतून तो कुणी पुसलेला नाही. दोष डिजिटल मोजणीचा नाही, सफाई करणाऱ्याचा आहे. पण ऐकणाऱ्याच्या पदरी शेवटी बोथट तंबोराच येतो.

आणि थोडी भर एलपी स्वतःहून घालते. डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईची कंपनं विजेत बदलणाऱ्या डबीत, एकमेकांत थोडा मिसळतो, स्पीकरचा खर्ज खोलीतून परत सुईपर्यंत पोचून किंचित घुमतो, सुई मूळ स्वराला थोडे जादा उपस्वर चिकटवते. या सगळ्यामुळे आवाज गोल, उबदार वाटतो. तो आवडण्यात कमीपणा काहीच नाही. मलाही काही गायिका एलपीवरच ऐकायला आवडतात. फक्त ही भर मूळ मैफलीत नव्हती, एवढं ध्यानात असू द्यावं.

हे सगळं मी म्हणतो म्हणून मानू नका. तुमची एक आवडती एलपी दिरांच्या टर्नटेबलवरून कॉम्प्युटरवर डिजिटल रेकॉर्ड करून घ्या, काहीही सफाई न करता. मग एलपी आणि तिची ती डिजिटल प्रत एकाच अँप्लिफायरला लावा, दोन्हींचा आवाज अगदी सारखा करा, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, आणि मुलीला पाठीमागून बटण बदलायला सांगा. कधी काय लावलं हे तिनं कागदावर लिहावं, तुम्ही आणि दिरांनी आपापलं उत्तर लिहावं. माझा अंदाज आहे की कुणालाच ओळखता येणार नाही. एलपीची ऊब, तिचा भरीव तंबोरा, तिची टिकटिकसुद्धा डिजिटल प्रतीत जशीच्या तशी उतरेल. डिजिटलमध्ये आवाज गळत असता तर ती ऊबही गळायला हवी होती.

अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ मध्ये याच धर्तीची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचं डिजिटल संगीत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं जवळपास निम्मी आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. २०२२ मध्ये तर मोबाइल फिडेलिटी ही महागड्या एलपी काढणारी अमेरिकी कंपनी आपल्या कित्येक रेकॉर्ड्स मूळ टेपवरून थेट न कोरता मध्ये डिजिटल प्रत करून कोरते, हे उघड झालं. डिजिटल लगेच ओळखू येतं म्हणणारे कित्येक चोखंदळ रसिक वर्षानुवर्षं त्याच रेकॉर्ड्सची वाखाणणी करत आले होते. तुमच्याकडेही १९८० च्या दशकातल्या एखाद्या एलपीच्या कव्हरवर ‘डिजिटल रेकॉर्डिंग’ असं ठळक छापलेलं सापडेल, बघा.

तर मग रेकॉर्ड्स देऊन का टाकायच्या नाहीत?

कारण ‘सगळं मोबाइलवर मिळतं’ हे खरं नाही. शास्त्रीय संगीताच्या आणि नाट्यगीतांच्या पुष्कळ एलपी पुन्हा कधी निघाल्याच नाहीत. ज्या निघाल्या त्यांतल्या काहींची ती वर सांगितलेली सफाई झाली. एखाद्या रागाची तुमच्या घरातली एलपी हीच आज मूळाच्या सगळ्यात जवळची प्रत असण्याची शक्यता असते, माध्यम कमी अचूक असूनही. कव्हरच्या मागचा मजकूर, साथीदारांची नावं, कंपनीचा क्रमांक हे मोबाइलवरच्या यादीत बहुतेक वेळा नसतंच. तबला कुणी वाजवला हे शिष्याला कळायला हवं.

टिकाऊपणाचाही विचार करा. अचूक असणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज पाठवले ते सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजणाऱ्या. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर त्याच तबकडीतून ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचल्या आहेत. खाच शतकानुशतकं राहते आणि ती कशी वाजवायची हे चित्रानं सांगता येतं. हार्ड डिस्क मात्र दहा वर्षांत कधीही मान टाकू शकते. म्हणून ऐकायला डिजिटल प्रत, आणि मूळ म्हणून रेकॉर्ड, दोन्ही ठेवा. दीडशे एलपी उभ्या लावल्या तर पुस्तकांच्या लहान कपाटाच्या एका-दोन खणांत मावतात. फ्लॅटमध्ये तेवढी जागा निघेल.

लाखाचं टर्नटेबल घेऊ नका. त्या पैशांतला मोठा भाग अशा फरकांवर जातो, जे भोक सरकलेल्या रेकॉर्डपुढे कुठल्या कुठे हरवतात. आधी सासऱ्यांचा प्लेअर जाणकाराला दाखवा. पट्टा वाळून तुटला असेल, तो स्वस्तात मिळतो. सुई मात्र नवी हवीच, जुन्या सुईनं एकही रेकॉर्ड वाजवू नका. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य पाचशे ते हजार तास धरतात, आणि ही किती चालली ते आज कुणालाच सांगता येणार नाही. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असेल, जे खाचेवर चार-पाच ग्रॅम भार टाकतं, तर तो प्लेअर आठवण म्हणून ठेवा आणि मॅग्नेटिक कार्ट्रिज असलेलं, भार ग्रॅममध्ये लावता येणारं, साधं पण भक्कम टर्नटेबल घ्या. भार दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास, कार्ट्रिजच्या कागदावर दिला असेल तेवढा. सुटकेसमध्ये बसवलेले शोभेचे प्लेअर हल्ली भेट म्हणून देतात, ते घरात आणू नका.

डिजिटल प्रत करायचं काम मुलीकडे द्या. तिच्या आवडीचंही आहे. २४ बिट आणि सेकंदाला ९६,००० मोजण्या ठेवा. एलपीत तेवढं असतं म्हणून नव्हे, तर पातळी लावताना मोकळीक मिळते आणि पुढे टिकटिक काढायची झाली तर सॉफ्टवेअरला ती नीट सापडते. ध्वनिसंग्रहालयांतही बहुधा हेच प्रमाण वापरतात. आवाजाचं सर्वांत उंच टोक कमाल पातळीच्या सहा डेसिबल खाली राहू द्या. चाळीस मिनिटांच्या एलपीला साधारण १.४ जीबी लागतात, म्हणजे दीडशे एलपींना २०० जीबीच्या थोडं वर, आणि फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात ठेवलं तर आणखी कमी. ही पहिली प्रत कसलीही सफाई न करता जपून ठेवा. काय साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा आणि लेबलचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि एक डिस्क पुण्याला मुलीकडे राहू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच कारणानं रेकॉर्ड्स जमिनीलगतच्या खणात ठेवू नका. एलपी पाण्यात भिजली तर धुऊन पुन्हा वाजवता येते, कव्हर मात्र जातं. पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, उभ्या, एकमेकींना हलक्या टेकलेल्या ठेवा. आडव्या थप्पीत त्या वाकतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर नक्कीच. बुरशीचे डाग असतील तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड घ्या, आणि पुसायचं ते खाचेच्या दिशेनं, गोल. आडवं कधीच पुसू नका.

लाखेच्या रेकॉर्ड्स सगळ्यात शेवटी हातात घ्या. त्यांना स्पिरिटचा स्पर्शही होऊ देऊ नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि खाचच पुसली जाते. एलपीची सुई त्यांच्यावर चालत नाही, त्यांची खाच जवळपास तिप्पट रुंद असते. त्या खाचेसाठीची वेगळी जाड सुई त्याच कार्ट्रिजला मिळते का, हे टर्नटेबल घेतानाच विचारून घ्या. वेगही डोळे झाकून ७८ धरू नका. जुन्या काळी कंपन्यांचे वेग थोडे मागेपुढे असत, आणि रेकॉर्ड ८० ला कोरलेली असेल तर ७८ वर ती जवळपास पाव स्वरानं उतरते. डिजिटल प्रत झाल्यावर वेग दुरुस्त करता येतो, पण गायकाची पट्टी कुठली होती हे ठरवायला कान लागतो. ते काम मुलीला एकटीला जमणार नाही, तिथे तुम्ही पेटी घेऊन शेजारी बसा.